आजपासून सोड

साडी जळली तेव्हा मी आधी साडीकडे पाहिलं, तिच्याकडे नंतर. दुपारचे अडीच वाजले असतील. शिवरात्र नुकतीच झाली होती, उन्हाला धार यायला लागली होती, आणि इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली प्रेसवाल्यांचा गाडा नेहमीसारखा उभा होता. कोळशाची जड इस्त्री, पाणी शिंपडायचा डबा, खाली घराघरांची गाठोडी. त्यांची सून एकटीच होती. सातवा सरून आठवा लागलेला, पोट गाड्याच्या कडेला टेकलेलं. मी समोर उभी होते तरी तिचे डोळे मिटत होते. मान खाली जायची आणि झटक्यात वर यायची. एकदा खाली गेली ती वर आलीच नाही, आणि माझ्या महेश्वरीच्या पदरावर इस्त्रीचं टोक तसंच टेकून राहिलं. करपलेल्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. मी ओरडले. तिने दचकून इस्त्री उचलली आणि "काकी, पैसे काट लेना" म्हणत रडायला लागली. ती नाक पुसत होती, तेव्हा मला तिचे डोळे जवळून दिसले. निंबाच्या गर्द सावलीतही तिच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या.

मी म्हटलं, असू दे, या दिवसांत झोप येतेच. त्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नींद नहीं है काकी." मग उभ्या उभ्या, इस्त्रीवरची राख फुंकत, तिने सगळं सांगितलं. नवरा स्मॅक, म्हणजे अफूपासून निघणारी हेरॉइनची भुकटी, घेतो हे गल्लीला माहीत होतं. तिचं कुणाला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दाढ ठणकत होती, रात्रभर तळमळत होती, तेव्हा नवऱ्यानेच पन्नीवरचा धूर ओढायला दिला. ठणका गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. महिन्याभरात दाढ पडून गेली, पण धूर राहिला. आता घेतला नाही की अंग मोडून येतं, जांभयांवर जांभया, पोटऱ्यांत गोळे, आणि पोटातलं बाळ वेड्यासारखं लाथा मारतं. "आप तो पढ़ी-लिखी हो काकी, क्या करूँ?"

एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. मला उत्तर येतंच असणार असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं. मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "आज से छोड़ दे. बच्चे के लिए. आज से ही." ती मान हलवत राहिली. जळकी साडी काखोटीला मारून मी घरी आले. साडीचं वाईट वाटत होतं, पण एक चांगलं काम केल्याचं समाधानही होतं. संध्याकाळी दिवा लावताना तिच्यासाठी हातसुद्धा जोडले.

ते वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनातल्या मनात परत घेतलं असेल, त्याला मोजमाप नाही.

पुढचे दोन दिवस गाडा लागला नाही. तिसऱ्या दिवशी सासू एकटी आली. "बहू को दस्त लगे हैं, कुछ पेट में टिकता नहीं." माझ्या मनात शंका आली नाही. उलट वाटलं, सोडतेय पोरगी, शब्द पाळतेय. चौथ्या दिवशी पहाटे सासूने दार ठोठावलं. कळा सुरू झाल्या होत्या, वेळेच्या पाच-सहा आठवडे आधी. रिक्षात मी तिच्या शेजारी बसले होते. बोटांनी माझा हात असा आवळला होता की बांगडीचा वळ दोन दिवस राहिला. कानाजवळ येऊन ती म्हणाली, "काकी, रात को ले लिया. सहन नहीं हुआ. माफ कर दो." प्रसूतीच्या कळांमध्ये ती माझी माफी मागत होती.

कळा कशाने आल्या, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन दिवस एकदम तोडल्याने, की तिसऱ्या रात्री घाबरून जास्त घेतल्याने, की अंगात रक्त नव्हतं म्हणून, की वेळच तशी आली होती म्हणून. डॉक्टरही खात्रीने सांगू शकले नसते. पण माझ्या वाक्याचा त्या रांगेत नंबर आहे, आणि तो मला पुसता येत नाही.

मुलगी झाली. एक किलो नऊशे ग्रॅम. एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात ठेवली. पहिला दिवस शांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले, तर जिन्यापर्यंत रडणं ऐकू येत होतं. माझी स्वतःची दोन बाळंतपणं झाली, माझ्या सुनेची आणि भाच्यांची पाहिली. बाळाचं रडणं मला नवीन नाही. भुकेचं वेगळं, ओल्याचं वेगळं, गॅसचं वेगळं. हे त्यातलं नव्हतं. फळ्यावर खडू आडवा ओढल्यावर जो आवाज होतो तसं, एका उंच सुरात, न वळणारं. काचेतून पाहिलं तर हातपाय थरथरत होते, हनुवटी कापत होती. एकापाठोपाठ एक शिंका येत होत्या, पाच, सहा, सात, आणि मध्येच एखाद्या दमलेल्या म्हाताऱ्यासारखी जांभई. मूठ तोंडात कोंबून अधाशासारखी चोखत होती, पण चमच्याने दूध दिलं की सगळं ओठातून बाहेर. मांड्या लाल झालेल्या. सासूने बाहेर बाकावर बसूनच मिरच्या-मोहऱ्यांची पुडी ओवाळली. कुणाची तरी नजर लागलीय, असं तिला वाटत होतं. आत डॉक्टर रक्त तपासत होते, जंतुसंसर्ग आहे का, साखर उतरली आहे का, कॅल्शियम कमी आहे का. सगळे योग्यच शोध घेत होते, फक्त जे कारण होतं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगायला हवं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी भाचीला फोन केला. ती मनोविकारतज्ज्ञ आहे, व्यसनमुक्तीचंच काम करते. मी रडण्याचं वर्णन करत होते, आणि तिने मध्येच तोडून विचारलं, "मावशी, आई काही घेते का?" मी सगळं सांगितलं. माझ्या सल्ल्यासकट. पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. "मावशी, सिगारेटचं वेगळं. पण अफूच्या जातीचं काहीही रोज घेणारी गरोदर बाई असेल, तर तिला आजपासून सोड असं आम्ही सांगत नाही. एकदम तोडलं की तिचं अंग जे भोगतं ते पोटातलं बाळही भोगतं. आणि बहुतेक जणी तीनचार दिवसांत परत घेतात, तेव्हा घाईत, अंदाज चुकून, जास्त. खरा धोका तिथे असतो." मग उपाय काय, मी विचारलं. "गोळी. बाळंतपणापर्यंत आणि नंतरही, रोज, मोजून, वेळेवर."

बुप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची छोटीशी गोळी. दुसरं तसंच औषध मेथाडोन. दोन्ही अफूच्याच कुळातली, पण हळू चढणारी आणि लांब टिकणारी. दिवसातून तीनतीनदा चढउतार व्हायचा तो थांबतो. आईच्या रक्तातली औषधाची पातळी एकसारखी राहते, म्हणून बाळाच्याही. ती तपासणीला येऊ लागते, जेवू लागते, पुडीसाठी दारोदार हिंडणं थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली गरोदरपणातल्या व्यसनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हेच लिहिलं आहे, की अशा बाईला व्यसन तोडायला लावण्यापेक्षा या औषधांवर स्थिर ठेवा, आणि ती स्थिर असेल तर बाळाला अंगावर पाजू द्या. मी त्या रात्री सगळं वाचून काढलं. २०१० सालचा एक मोठा अभ्यास सापडला, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रियातल्या रुग्णालयांचा. बुप्रेनॉर्फिनवर असलेल्या आयांच्या बाळांना मेथाडोनवरच्या आयांच्या बाळांपेक्षा त्रास शमवायला फार कमी मॉर्फिन लागलं आणि ती लवकर घरी गेली. जन्मल्यावर आईकडून येणारा अंमल तुटतो आणि बाळाला त्रास होतो, तो या औषधाने पूर्ण टळतो असं नाही. कमी होतो, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत असल्याने कुणी गोंधळून जात नाही. आपल्याकडे हे औषध मिळत नाही असंही नाही. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून सरकारी केंद्रांवर ते कित्येक वर्षं फुकट दिलं जातं. माझ्या घरापासून दोन रिक्षांच्या अंतरावर असं केंद्र आहे, हे मला त्या रात्री कळलं. साडी जळली त्या दुपारी मला ते माहीत असतं तर, या वाक्याला पुढे काही जोडता येत नाही.

झोप येईना, आणि सारखी आजी आठवत होती.

आजी मंदसौरकडची. होळकरांच्या नोकरीत असलेल्या कुणा पूर्वजामागून आमचं घर माळव्यात आलं आणि माळव्याचंच झालं. तिच्या पितळी डब्यात सहाण, हळकुंड, वेखंड, हिरडा, जायफळ आणि तळाशी एका चिंधीत बांधलेल्या काळ्या गोळ्या. बाळगोळी. मोहरीपेक्षा किंचित मोठ्या. तान्ह्याला दात येताना, जुलाब लागले तर, किंवा आईला कामाला जायचं असेल तर, नखाच्या टोकाएवढी दुधात उगाळून द्यायची. पोर पाय ताणून झोपायचं ते चार-चार तास. त्यात अफू असे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायकाही हेच करत. आमच्या इंदूरच्या मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या चाळींत वेगळं काय असणार? आजी सांगायची, माघ-फाल्गुनात शेतात अफूच्या बोंडांना चिरा लावायचे दिवस आले की गावात एकही तान्हं रडताना ऐकू यायचं नाही. दुपारी चिरा लावायचा, रात्रभर चीक झिरपायचा, पहाटे दव वाळायच्या आत खरवडून घ्यायचा. बायका पहाटेच बाहेर पडायच्या. पाळण्यांत सगळी शांत झोपलेली. लहानपणी मला ते चित्र फार सुंदर वाटायचं, पांढऱ्या फुलांचं शेत आणि झोपलेलं गाव. त्यातली किती बाळं पुढे उठलीच नसतील, हा प्रश्न मी आजीला कधी विचारला नाही. तिचा एक भाऊ पाळण्यातच गेला होता. "झोपेतच गेला बिचारा," एवढंच ती म्हणायची.

आणि त्या आईला कुणी डायन म्हटलं नव्हतं. सगळं गाव द्यायचं, म्हणून ते औषध होतं. प्रेसवाली सून एकटी, पन्नीवर, अंधारात घेते, म्हणून ती नशेडी. पदार्थ एकाच बोंडाचा आहे. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात पेट्यांनी मुंबईला आणि तिथून चीनला गेली, त्या पेट्यांवरचा महसूल इंग्रजांनी घेतला, आणि त्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या हवेल्या आपण आजही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. मंदसौर-नीमचला आजही सरकारी परवान्यावर पीक निघतं, चीक तोलून सरकारलाच द्यावा लागतो, नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यापासून मॉर्फिन, कोडीन निघतं. या लागवडीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालयही आपल्या ग्वाल्हेरलाच आहे. अफू आम्हा माळव्यातल्या लोकांना परकी नाही. परकी झाली ती फक्त ती बाई.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेजवळ बसले आणि म्हटलं, डॉक्टरांना सांगावं लागेल. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, "पुलिस बुलाएँगे. बच्ची ले लेंगे." नऊ महिन्यांत, म्हणजे साडेसात महिन्यांत, तिने तीनदा तपासणी करून घेतली होती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, आशाताईच तिला घेऊन गेली होती. "वजन लिया, बीपी लिया, खून लिया, किसी ने पूछा नहीं." कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतंस का? ती बराच वेळ गप्प राहिली. "कोई प्यार से पूछता तो शायद."

तिचा हात धरून मीच बोलायला सुरुवात केली आणि तिने पुढचं सांगितलं. समोर वॉर्डातल्या तिघीजणी होत्या. एकीच्या तोंडून पटकन निघून गेलं, "माँ है कि डायन?" ती बाई वाईट नव्हती. रात्रपाळी करून दोन दिवस त्याच बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा राग त्या थरथरत्या पायांकडे पाहून आलेला होता, हे मला समजत होतं. मी स्वतः काही दिवसांपूर्वी याहून गोड शब्दांत तेच म्हटलं नव्हतं का, की बाळावर माया असेल तर सोडशील? पण त्या शब्दानंतर सुनेने चेहरा असा बंद करून घेतला, की पुढच्या प्रश्नांना ती नुसती हो-नाही करत राहिली. किती घेते, कधी घेतलं, बाळाच्या औषधासाठी जे कळणं जरुरीचं होतं ते सगळं त्या एका शब्दाने अडवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बाईने व्यसन केलं की तिच्यावर दोन गुन्हे लागतात, एक व्यसनाचा आणि एक बाई असण्याचा. पोटुशी असेल तर तिसरा. तिच्या नवऱ्याने धूर पहिल्यांदा तिच्या तोंडाशी धरला, त्याला त्या वॉर्डात एकानेही काही विचारलं नाही.

मी नंतर वाचलं की अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २०१४ मध्ये एक कायदाच केला होता. गरोदरपणी नशा केली आणि बाळाला त्रास झाला तर आईवर हल्ल्याचा गुन्हा. दोन वर्षांनी मुदत संपली तेव्हा तो वाढवला नाही. तेवढ्या काळात कितीतरी बायका दवाखान्यात यायलाच घाबरल्या. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहे. थोड्या प्रमाणात नशा बाळगणारा व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. हे त्या खाटेवरच्या मुलीला कोण सांगणार होतं? माझ्यासारख्या शिकलेल्या बाईलाही ते तिसऱ्या रात्री, चष्मा पुसत पुसत, वाचून कळलं. २०१९ साली देशभरच्या पाहणीचा अहवाल आला, त्यात अफूच्या जातीची नशा करणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या ७७ लाखांना मदतीची गरज. मी असे आकडे पूर्वी पेपरात वाचून पान उलटायची. आता त्यात किती बायका, त्यांत किती दिवस गेलेल्या, किती जणींना कुणीतरी गोड आवाजात आजपासून सोड म्हणून सांगितलं असेल, हे मनात येतं.

त्या वॉर्डात एक वयस्क सिस्टर होत्या. बहुधा उज्जैनकडच्या, बोलण्यात माळवीचा गोडवा. सगळं ऐकून झाल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यातली एक ट्यूबलाइट बंद केली. खिडकीला चादर लावली. बाजूला मोठ्याने बोलणाऱ्या नातेवाइकांना बाहेर काढलं. मग बाळाला फक्त लंगोटात सुनेच्या उघड्या छातीवर उताणं नाही, पालथं ठेवलं आणि वरून घट्ट गुंडाळलं. "नरम कपड़ा ले आओ घर से, धुला हुआ, पुराना." मी घरी जाऊन कपाट उघडलं आणि जळकी महेश्वरी काढली. धुऊन धुऊन ती लोण्यासारखी झाली होती. करपलेला पदर कापला आणि उरलेल्याची चार दुपटी केली. एका दुपट्याच्या काठावर तपकिरी डागाची कड राहिलीच.

भाची म्हणाली, सिस्टरांनी केलं तेच आता सगळीकडे पहिलं औषध मानतात. पूर्वी अशा बाळांची वीसेक खुणांची यादी घेऊन दर काही तासांनी गुण मोजत. शिंका किती, जांभया किती, थरथर किती. १९७५ साली फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी तो तक्ता केला, आणि तो अजून वापरतात. पण गुण वाढले की औषध वाढायचं, बाळ दिवसेंदिवस आईपासून दूर. आता कित्येक ठिकाणी तीनच गोष्टी पाहतात. बाळ पोटभर पितंय का, तासभर सलग झोपतंय का, आणि रडलं तर दहा मिनिटांत शांत होतंय का. होत असेल तर अंधार, शांतता, आईचं अंग, आईचं दूध. अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांनी हे करून पाहिलं, २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. बाळं सरासरी १५ दिवसांऐवजी ८ दिवसांत घरी जाण्याजोगी झाली. मला वाचताना भरून आलं. एवढा मोठा अभ्यास, आणि शेवटी काय, तर आईला तिच्या बाळाजवळ राहू द्या.

आमच्या बाळाला मात्र तेवढ्यावर भागलं नाही. तिसऱ्या रात्री ती दूधच घेईना, जुलाब थांबेनात, वजन घसरायला लागलं. डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं. अगदी पातळ करून, सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला, थेंब मोजून. मी ती सिरिंज पाहत उभी होते. मंदसौरच्या शेतात फाल्गुनातल्या पहाटे जो चीक खरवडतात, तोच कारखान्यातून फिरून, शुद्ध होऊन, या एवढ्याशा ओठांपाशी आला होता. आजी नखाच्या टोकाने देत होती, हे मिलिलिटरच्या रेघेने देत होते. फरक रेघेचाच होता, पण त्या रेघेत जीव होता. किती द्यायचं, कधी वाढवायचं, कसं उतरवत न्यायचं. उत्पादन आपल्या अंगणात होऊन आपल्याच रुग्णालयांत कित्येक वर्षं मॉर्फिन दुर्मिळ होतं, १९८५च्या कायद्याचे परवानेच इतके होते की कुणी त्या वाटेला जात नसे. २०१४च्या दुरुस्तीनंतर गाठी जरा सुटल्या. त्या रात्री ते हाताशी होतं, याबद्दल मी कुणाचे आभार मानावेत ते मला कळलं नाही.

पाचवीचा दिवस वॉर्डातच आला. सासूला विधी करायचा होता, आणि आमच्याकडची सटवाई तिला ठाऊक नव्हती. मी तिला सांगितलं, आमच्यात म्हणतात रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. तिला ते फार आवडलं. सिस्टरांकडून तिने तपासणीच्या कागदाचा एक कोरा मागचा भाग आणि पेन मागून आणलं आणि खाटेखाली सरकवलं. त्या रात्री पोरगी सलग पावणेदोन तास झोपली. मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

सुनेचंही औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. पहिली गोळी लगेच देत नाहीत. अंगातला स्मॅकचा अंमल उतरून त्रास सुरू होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर गोळीनेच एकदम नशा तोडल्यासारखा त्रास होतो. ते काही तास तिने खाटेची दांडी धरून काढले. मग गोळी जिभेखाली, आणि तासाभरात तिचे खांदे खाली आले. मी तिला पहिल्यांदाच असं पाहत होते, ना गुंगीत, ना तळमळीत. "काकी, मैं सीधी हूँ," ती म्हणाली, आणि हसली. हे औषध अंगावरच्या दुधात फार थोडं उतरतं, पाजायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं तेव्हा तिने पदर बाजूला केला. नवऱ्याबद्दल फार लिहीत नाही. तो केंद्रावर दोनदा आला, मग आला नाही, मग परत आला.

मुलगी एकोणीस दिवसांनी घरी आली. आता तिला पाचवा महिना लागला आहे. आठवड्यातून दोनदा, गाडा लावायच्या आधी, मी सुनेबरोबर केंद्रावर जाते. तिथे रांगेत सगळे पुरुष. पंचवीस-तीस पुरुषांत ती एकटी, डोक्यावरून पदर घेतलेली. पहिल्या दिवशी तिला परत फिरायचं होतं. बायकांसाठी वेगळी वेळ, निदान एक बाक तरी ठेवा, असं मी तिथल्या समुपदेशकाला सांगितलं आहे. त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या वेळी पुन्हा सांगणार आहे.

कालही गेलो होतो. खिडकीतल्या सिस्टरांनी गोळी तिच्या जिभेखाली ठेवली. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाचसात मिनिटं तिथेच बाकावर बसायचं. तेवढा वेळ मुलगी माझ्याकडे असते. महेश्वरीचं दुपटं आता तिला अपुरं पडतं, पाय बाहेर येतात. भिंतीवरचा पंखा फिरत होता, समोर कुणीतरी विडी विझवून आत आला, आणि मुलगी शिंकली. माझा हात आपोआप घट्ट झाला. मी मोजायला लागले. सुनेनेही तोंड मिटलेलंच ठेवून माझ्याकडे पाहिलं, तीही मोजत होती. आम्ही दोघी त्या नाकाकडे बघत बसलो. दुसरी शिंक आली नाही. मुलीने डोळे किलकिले केले, माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली, आणि झोपली.